भोकरदनची पांढर आणि नंतर आलेल्यांचा इतिहास

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा राज्यभर झालेल्या आनंदोत्सवात एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून निसटला. त्याच बैठकीत प्राकृतालाही तोच दर्जा मिळाला. ज्या महाराष्ट्री प्राकृताच्या आधाराने रंगनाथ पठारे समितीने २०१३ मध्ये मराठीचे प्राचीनत्व मांडले, ती पूर्वज भाषा आणि तिची वारसदार, दोघींचा सत्कार एकाच मांडवात झाला. एरवी पूर्वजांचा मान मोठा आणि नंतर आलेल्यांच्या वाट्याला उरलेसुरले, अशीच इतिहासाची रीत असते. येथे लेकीच्या आग्रहामुळे आईचे नाव पुन्हा चर्चेत आले, असे म्हटले तरी चालेल.

मात्र या निमित्ताने जे पुरावे पुन्हापुन्हा सांगितले गेले, ते जवळजवळ सगळे ग्रंथांतले किंवा कातळावरचे होते. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती आणि नागनिकेचा नाणेघाटातील लेख ही नावे वृत्तवाहिन्यांवरही ऐकू आली. ही भाषा ज्या गावांच्या बाजारात बोलली जात होती, त्या गावांच्या मातीविषयी मात्र कोणी फारसे बोलले नाही. त्यांतले एक गाव जालना जिल्ह्यात आहे. तालुक्याचे ठिकाण म्हणून सर्वांना परिचित असलेले भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन होय.

भोगवर्धनाचे नाव मार्कंडेय पुराणातील दक्षिणेकडच्या जनपदांच्या यादीत येते. त्याहून बोलका पुरावा मध्य भारतातला आहे. भारहुत आणि सांची येथील स्तूपांच्या कठड्यांवर ज्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. इसवी सनापूर्वीच्या काळात आजच्या जालना जिल्ह्यातली माणसे सातपुडा आणि विंध्य ओलांडून जात होती, तेथे दान देण्याइतकी सधन होती आणि दान देताना आपल्या गावाचे नाव अभिमानाने कोरून घेत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर हा उच्च मध्यमवर्ग होता. राजे नव्हते, सेनापती नव्हते.

याच गावाच्या टेकाडावर १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी संयुक्त उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या दोन विद्वानांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. उत्खननांचे अहवाल वर्षानुवर्षे रखडणाऱ्या या देशात ही तत्परता विशेष नोंद घेण्याजोगी आहे. सातवाहन काळातील भरभराटीच्या नगराचे चित्र त्यातून उभे राहिले. मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू असा ऐवज सापडला. जमिनीत मिळालेल्या धान्याचाही स्वतंत्र अभ्यास झाला. त्यातल्या एका हस्तिदंती मूर्तीने भोकरदनचे नाव थेट इटलीतील पॉम्पेईशी जोडले. तो विषय पुढे येईलच. त्याआधी एका मूलभूत प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे: एखादी मोठी संस्कृती अस्तास गेल्यावर तिच्या जागी जे येतात, त्यांना इतिहास कोणत्या नावाने हाक मारतो?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर आहे, आणि काळाच्या दृष्टीने ते भोगवर्धनाचे समकालीन आहे. तेथे ओल्मेक संस्कृती नांदली. बेसॉल्टच्या अखंड शिळांतून कोरलेली माणसापेक्षाही उंच मस्तके ही तिची जगप्रसिद्ध खूण. सान लोरेन्झो आणि नंतर ला व्हेंता ही तिची केंद्रे इ.स.पू. ४००च्या सुमारापर्यंत मावळली. त्यानंतरची सहा-सात शतके त्याच भूमीत जी संस्कृती नांदली, तिला पुरातत्त्वज्ञ ‘एपी-ओल्मेक’ म्हणतात. ‘एपी’ हा ग्रीक उपसर्ग, अर्थ, नंतरचे. खुद्द ‘ओल्मेक’ हेही त्या लोकांचे स्वतःचे नाव नव्हे. कित्येक शतकांनंतरच्या अॅझ्टेकांच्या भाषेतील, ‘रबराच्या प्रदेशातील लोक’ अशा अर्थाचा तो शब्द विसाव्या शतकातील अभ्यासकांनी त्यांना चिकटवला. म्हणजे वारसदारांना मिळालेले नाव हे उसन्या नावाला लावलेले शेपूट आहे.

आता या शेपटाची कामगिरी पाहावी. त्यांनी महाकाय मस्तके घडवली नाहीत. परंतु अमेरिका खंडातील आरंभीच्या लिपींपैकी एक आणि दिवसांची अखंड मोजणी करणारी दीर्घगणना यांचे सुरुवातीचे ठळक पुरावे त्यांच्याच भूमीत मिळतात. माया संस्कृतीच्या नावाने जगभर गाजलेली, २०१२ मध्ये ‘जगबुडी’च्या अफवांना कारण ठरलेली हीच ती गणना. ट्रेस सापोतेस येथे १९३९ मध्ये मॅथ्यू स्टर्लिंग यांना एका शिलालेखाचा खालचा अर्धा भाग सापडला. तारखेचा पहिला आकडा तुटून गेलेला होता. तो सात असला पाहिजे आणि तारीख इ.स.पू. ३२ची ठरते, असे गणित त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी मांडले. अनेक विद्वानांनी ते मानले नाही. ओल्मेकांच्या मागे उरलेल्या लोकांजवळ मायांच्याही आधी गणना असेल, हे त्यांना पटणारे नव्हते. सुमारे तीस वर्षांनी त्याच शिळेचा वरचा तुकडा मिळाला. त्यावर सातच होता.

पुढे १९८६ मध्ये आकुला नदीच्या पात्रातून ला मोहारा येथील शिळा वर आली. तिच्यावर सुमारे पाचशे चिन्हांचा मजकूर असून इ.स. १४३ आणि १५६ या वर्षांच्या तारखा आहेत. जॉन जस्टेसन आणि टेरेन्स कॉफमन यांनी १९९३ मध्ये ही लिपी वाचल्याचा दावा केला. स्टीफन ह्यूस्टन आणि मायकेल को यांनी तो अमान्य केला. वाद मिटलेला नाही, कारण मजकूर मोजकाच उपलब्ध आहे. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. ट्रेस सापोतेसचे दीर्घकाळ सर्वेक्षण करणारे ख्रिस्तोफर पूल यांच्या मते या नगरात एकच राजवाडा, एकच केंद्र असा प्रकार नव्हता. एकमेकांपासून साधारण समान अंतरावर, सारख्याच रचनेचे अनेक चौक होते आणि सत्ता त्यांच्यात वाटलेली असावी. मोठी मस्तके का घडली नाहीत, याचे एक उत्तर त्यात दडलेले असू शकते: एकाच माणसाचे मस्तक घडवावे, असे कोणी उरलेच नसेल.

महाराष्ट्राच्या इतिहासातही ‘नंतरच्यां’ची अशीच रांग आहे. प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून जिचे नाव पडले, त्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचा अखेरचा टप्पा ‘उत्तर जोर्वे’ म्हणून ओळखला जातो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननाने त्याचे तपशीलवार चित्र दिले. इ.स.पू. १०००च्या सुमारास बहुतेक वस्त्या उठल्या. इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आटली, गुरे-मेंढ्या आणि शिकार यांवरचा भर वाढला. मधुकर ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. पाठ्यपुस्तकी भाषेत याला ‘ऱ्हास’ म्हणतात. परंतु दुष्काळाची ओळख असलेल्या मराठवाड्यातील कोणीही शेतकरी सांगू शकेल की पाऊस हटल्यावर शेळ्या-मेंढ्यांवर संसार ओढणे हा शहाणपणाचाही भाग असतो.

खुद्द सातवाहनांचेही तसेच. पुराणांनी त्यांच्या वंशाला ‘आंध्रभृत्य’ म्हटले. भृत्य म्हणजे चाकर. शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण ज्या घराण्याला आज महाराष्ट्राचे पहिले साम्राज्य म्हणून गौरवले जाते, त्याच्या नावाला परंपरेने दुय्यमपणाचा वास चिकटवला, हे खरेच. मौर्यांच्या मागून आलेल्या या राजवटीने मौर्यांची ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, अमात्यासारखी पदे हे सारे उचलले आणि आपले करून टाकले. अशोकाच्या स्तंभांसारखे स्तंभ त्यांनी उभारले नाहीत. त्यांच्या काळात दख्खनमध्ये जे घडले, ते कारागीर आणि व्यापारी यांच्या हातून घडले. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर श्री सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीव काम केल्याची नोंदही आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षहरात घराण्याचा उषवदात हा गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची ठेव व्याजाने ठेवतो. राजाचा जावई आपले पैसे विणकरांच्या संघाकडे निर्धास्तपणे सोपवतो, यावरून त्या समाजातील पतीची कल्पना यावी. हल्लीच्या ठेवीदारांना हेवा वाटावा असा हा तपशील आहे.

आता पॉम्पेईकडे. इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना १९३८ मध्ये तेथील एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात ते शहर गाडले गेले, त्याअर्थी मूर्ती त्यापूर्वीची. तिला लक्ष्मी म्हटले गेले. ती यक्षी असावी, असेही मत आहे. आरशाची मूठ, की एखाद्या लाकडी सामानाचा पाय, यावरही चर्चा झाली. आरंभी ती मथुरेची मानली गेली. भोकरदनला त्याच धाटणीची हस्तिदंती मूर्ती मिळाल्यावर आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही तशीच मूर्ती असल्यामुळे अभ्यासकांचे लक्ष दख्खनकडे वळले. पॉम्पेईची मूर्ती भोकरदन परिसरातच घडली असावी, असे मत आज अनेकजण मांडतात.

येथे सावध राहणे मात्र गरजेचे आहे. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर कोरलेले आहे. खरोष्ठी ही गांधारकडची, वायव्येची लिपी; दख्खनच्या कारागिराने ती का वापरावी? अफगाणिस्तानातील बेग्राम येथील हस्तिदंती वस्तूंवरही जुळणीसाठी अशी अक्षरे आढळतात. मूर्ती दख्खनमध्ये घडून वायव्येतील व्यापाऱ्याच्या हातून गेली, की घडवणाराच तिकडचा, की एकच शैली अनेक पेठांत रूढ होती, याचा निकाल आजच्या पुराव्यावर लागत नाही. तेव्हा ‘पॉम्पेईची लक्ष्मी जालन्याची’ असे फलक लावण्याची घाई कोणी करू नये. भोकरदनचे महत्त्व त्यावर अवलंबूनही नाही. एका दूरच्या रोमन शहरातील श्रीमंत घराची आणि दख्खनमधील एका बाजारपेठेची अभिरुची जुळत होती, एवढे निर्विवाद आहे आणि ते पुरेसे मोठे आहे.

ही अभिरुची कोणत्या वाटेने गेली असेल? पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक खलाशाच्या वर्णनानुसार भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तेर होते. तेथून अवघड, बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर माल बंदराकडे जाई. पैठणहून गोमेदासारखे खडे, तेरहून कापड. त्या वर्णनात भोगवर्धन नाही, पण पैठणहून अजिंठ्याच्या घाटाने खानदेशात उतरून उत्तरेला उज्जैनकडे जाणाऱ्या मार्गाच्या परिसरातच ते वसलेले होते.

जालना जिल्ह्याच्या आजच्या स्वप्नांशी ही वाट जुळते. एक मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला हा जिल्हा बियाणे, लोखंडी सळई आणि मोसंबी यांसाठी ओळखला जातो. समुद्रापासून दूर असलेल्या या जिल्ह्याला बंदराशी जोडण्यासाठी २०१५ मध्ये जालन्याजवळ ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या प्रकल्पांच्या समर्थनार्थ जी भाषा वापरली गेली, तिचा सूर असा होता, की जगाशी नाते जोडण्याची संधी जालन्याला प्रथमच लाभत आहे. भोकरदनच्या मातीने त्याला केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. मागासलेपण ही मराठवाड्याची मूळ प्रकृती असल्यासारखे बोलण्याची जी सवय राज्यकर्त्यांना आणि पुष्कळदा मराठवाड्यातील नेत्यांनाही लागली आहे, तिला या पुराव्याने धक्का बसायला हवा. हा प्रदेश व्यापारी मार्गांवरून कधी आणि कशामुळे दूर सरकला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो नशिबाचा नव्हे.

तरीही हा पुरावा दिसत नाही, कारण तो उंच नाही. गेल्या वर्षी, ११ जुलै २०२५ रोजी, मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. ते योग्यच झाले. किल्ल्याला तट असतो, बुरूज असतो, त्याच्याशी जोडलेले पराक्रमाचे नाव असते. भोकरदन ज्या केळणा नदीच्या काठी आहे, तिचे नावही इतिहासाच्या पुस्तकांत येते ते प्रामुख्याने १८०३च्या असईच्या लढाईमुळे. बाजारपेठेचे मात्र टेकाडच उरते. जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढुरक्या मातीला ग्रामीण भागात ‘पांढर’ म्हणतात. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही विभागणी मराठी मुलखात सर्वत्र रूढ आहे. पांढरीची माती खत म्हणून चांगली, म्हणून ती गाड्या भरून शेतात नेण्याचा प्रघातही तितकाच जुना. राज्यातील कितीतरी प्राचीन वस्त्या अशा पिकांच्या मुळाशी गेल्या. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या मातीचे दुसरे मोल त्याला कोणी सांगितलेच नाही. आता बैलगाडीच्या जागी जेसीबी आला आहे, आणि जे काम शतकभर चालायचे ते आठवड्यात उरकते.

कायद्यांची वाण नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८चा निखात निधी अधिनियम सांगतो. केंद्राचा १९५८चा आणि राज्याचा १९६०चा पुरातत्त्व कायदा आहे. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. परंतु हे सारे संरक्षण आधी घोषणा झालेल्या जागेला मिळते. तालुक्याच्या वाढत्या गावात, लोकांच्या घरांखाली आणि परसांत पसरलेल्या नगराला हा साचा पुरत नाही. सगळे गाव संरक्षित करून रहिवाशांना वेठीस धरणे हा उपाय नव्हे. त्याने पुरातत्त्व विभागाविषयी रोष तेवढा वाढतो. पाया खोदताना विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचा एखादा माणूस दोन दिवस उपस्थित राहील आणि सापडेल त्याची नोंद करील, अशी नगरपालिकेच्या बांधकाम परवान्याशी जोडलेली साधी व्यवस्था अधिक उपयोगी पडेल. युरोपातील जुन्या शहरांत बांधकामापूर्वीच्या अशा तपासण्या नित्याच्या आहेत.

तेरचे उदाहरण समोर आहे. तेथे रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने आयुष्यभर गावातील जुन्या वस्तू गोळा केल्या. त्या संग्रहातूनच शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि त्याला लामतुरे यांचेच नाव दिले गेले. तेरची हस्तिदंती मूर्ती तेरमध्ये राहिली, ती एका माणसाच्या छंदामुळे. प्रत्येक गावाला लामतुरे लाभतीलच असे नाही. आणि शासनाने त्यांची वाट पाहत बसावे, असेही नाही. अभिजात दर्जासाठी २०२४ मध्ये केंद्राने जे सुधारित निकष मान्य केले, त्यांत शिलालेखीय पुराव्याला स्थान आहे. या दर्जामुळे संशोधनासाठी जो निधी येईल, तो ग्रंथसूची, परिसंवाद आणि सत्कार समारंभ यांतच संपेल, ही भीती निराधार नाही. प्राकृतातील आणखी लेख, मुद्रा आणि नाणी मिळायची असतील, तर ती पैठण, तेर, भोकरदन यांच्या पांढरीतच मिळतील. ट्रेस सापोतेसच्या शिळेचा वरचा भाग मिळाला, कारण ती जागा तीस वर्षांनंतरही शाबूत होती.

भोकरदनच्या बाबतीत १९७३च्या उत्खननाला पन्नास वर्षे उलटून गेली. त्यानंतर शास्त्राने मोठी मजल मारली आहे. हस्तिदंताच्या कणभर नमुन्यातील समस्थानिके आणि जनुकीय अंश तपासून तो हत्ती कोणत्या प्रदेशातला, याचा अंदाज आज करता येतो. भोकरदन, तेर आणि पॉम्पेई या तिन्ही ठिकाणच्या मूर्तींची अशी एकत्रित तुलना झाली, तर कोरणारा हात कोणाचा हे कळणार नाही, पण दंत कुठून आला यावर तरी प्रकाश पडेल. त्यासाठी विद्यापीठ, राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि नेपल्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय यांच्यात पत्रव्यवहार व्हावा लागेल. पॉम्पेईची मूर्ती तेथे १४९४२५ या क्रमांकाने नोंदलेली आहे.